कुणाच्या शब्दावर गाव हलतं?

कळंब, शनिवार, १ जून २०२४

आजपासून समुद्र बंद. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे मोजून ६१ दिवस, इंजिनाच्या होड्यांना मासेमारीची मनाई. सुरूच्या झाडांखाली होड्या ओढून घेतल्या, वर ताडपत्र्या चढल्या. समुद्र बंद झाला की आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रूप उघडतो. हाताला काम कमी, अंगठ्याला जास्त.

ग्रूपात ३८६ माणसं. कोळी आहेत, वाडीवाले आहेत, पहाटेच्या गाडीने दादरला फुलं नेणाऱ्या बाया आहेत, रिसॉर्टवाले, किनाऱ्यावर घोडे फिरवणारी पोरं, आणि नालासोपाऱ्याला बिऱ्हाड हलवलं तरी गाव न सुटलेले. तीन ॲडमिनांतला मी एक. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ असतो, एवढीच माझी पात्रता.

दुपारी पुतणी आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षासाठी तिने विषय घेतलाय : ऑनलाइन गप्पांच्या गटात वजन कुणाचं, हे आकड्यांवरून ओळखायचं.

"काका, आपल्या ग्रूपचं चॅट द्याल?"

"लोकांची बोलणी परस्पर कशी देऊ?"

बराच वेळ घासाघीस झाली. ठरलं ते असं : आधी ग्रूपवर विचारायचं, नावांच्या जागी आकडे टाकायचे, मजकूर तिने न्यायचा नाही. कोणी कधी बोललं आणि कोणी कोणाला उत्तर दिलं, एवढंच. संध्याकाळी विचारलं. अकरा अंगठे वर आले, एकाने "बक्षीस काय?" असं विचारलं. हरकत कोणाची नाही. वाचून गप्प बसलेल्या साडेतीनशे जणांची संमती धरायची का, हा प्रश्न तिने वहीत लिहून घेतला. पोरगी हुशार आहे.

बुधवार, ५ जून

काल लोकसभेचा निकाल. ग्रूपवर इतके मेसेज आले की फोन गरम झाला. मोजणीला सुरुवात करायला दिवस बरा.

पहिली मोजणी सरळ : कोण किती बोलतं? मे महिन्यात क्रमांक ११७ ने ३४० मेसेज टाकले. हे गृहस्थ कोण, ते मला माहीत आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे. सकाळी गुलाबाचं फूल, नऊ वाजता सुविचार, दुपारी लिंबूपाण्याने बरे होणारे सतरा आजार, रात्री देशाचं धोरण. त्यांच्या ३४० मेसेजना महिन्याभरात उत्तरं आली १९, त्यातली सहा "हॅपी बर्थडे"ची.

पुतणी म्हणाली, जगातही हेच आढळलंय. ट्विटरचा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाचे अनुयायी किती, यावरून त्याचं म्हणणं पुढे किती जातं हे फारसं कळत नाही, असं त्यातून दिसलं.

मला बोर्डावरचे दिवस आठवले. खात्यात लागलो तेव्हा ट्रंक कॉल हाताने जोडायचे. बोर्डासमोर सहा महिने बसलं की गावाची नाडी कळायची. सगळ्यांत जास्त फोन लावणारा माणूस बहुधा व्यापारी असायचा, नाहीतर भांडखोर. पण मयताची खबर आली की बाहेरून येणारे सगळे कॉल एकाच नंबरावर पडायचे, नाक्यावरच्या किराणा दुकानाच्या. तीस-चाळीस घरांनी पाव्हण्यारावळ्यांना तोच नंबर 'पी.पी.' म्हणून दिलेला असायचा. आजच्या मुलांना पी.पी. नंबर म्हणजे काय ते सांगावं लागतं : स्वतःच्या घरी फोन नाही, शेजाऱ्याकडे आहे, तिथून बोलावणं पाठवा. दुकानदार स्वतः दिवसाला दोन फोनही करत नसे.

हे तिला सांगितलं. तिने ते वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

रविवार, ९ जून

दुसरी मोजणी : उत्तरं कोणाला मिळतात? व्हॉट्सॲपमधून चॅट बाहेर काढलं तर कोणता मेसेज कोणाच्या उत्तरादाखल आहे हे फाइलीत दिसत नाही. म्हणून मी फोनवर बघून सांगायचं, तिने टिपायचं. पाऊस, चहा, कांदाभजी, आणि "चौऱ्याऐंशीने एकवीसला, एकवीसने चौऱ्याऐंशीला". घरच्यांना वाटलं आम्ही हौजी खेळतोय.

मग तिने चित्र काढलं. प्रत्येक माणूस एक ठिपका, प्रत्येक उत्तर एक बाण. असं चित्र याकोब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९३० च्या दशकात अमेरिकेत, मुलींच्या एका निवासी शाळेत काढलं होतं : कोणत्या मुलीला कोणाशेजारी राहायला आवडेल? ज्या ठिपक्याकडे जास्त बाण वळतात तो मोठा. गूगलने १९९८ मध्ये हीच युक्ती पानांना लावली आणि तीत एक भर घातली : मोठ्या ठिपक्याकडून आलेल्या बाणाचं वजन जास्त.

आमच्या चित्रात सगळ्यांत मोठा ठिपका निघाला चौऱ्याऐंशीचा. मला हसू आवरेना. चौऱ्याऐंशी म्हणजे गावातला एक नंबरचा वादपटू. रस्त्यावरच्या खड्ड्यापासून क्रिकेटच्या संघापर्यंत कशावरही तो उलटं बोलतो आणि वीसजण त्याच्यावर तुटून पडतात. वीस बाण! यंत्राला शिवी आणि सलाम यांतला फरक बाणावरून कळत नाही.

मराठी माणसाला हे नवीन नाही. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं. मी तिथे कित्येक वर्षं 'रोमात' आहे, म्हणजे वाचतो आणि गप्प राहतो. दोनशे प्रतिसादांचा धागा दिसला की तिथला जुना वाचक आधी ओळखतो की आत भांडण असणार. एकाच माणसाने दुसऱ्या नावाने येऊन स्वतःलाच अनुमोदन द्यायचं, याला तिथे 'डु-आयडी' म्हणतात. पाककृतीच्या धाग्यावर मात्र चार जणी "आज केलं, छान झालं" एवढंच लिहितात. माझ्या मते वजन त्या चार ओळींत असतं. कोणीतरी खरोखर उठून चूल पेटवली होती.

गुरुवार, २० जून

काल केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. सुमारे ७६ हजार २०० कोटी. डहाणूचा समुद्र आणि आमचा समुद्र एकच. ग्रूप पेटला.

आज तिसरी मोजणी केली. बातमी एका कंपूतून दुसऱ्यात जाते ती कोणाच्या हातून? लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याचं माप बसवलं : गटातल्या कोणत्याही दोघांमधल्या जवळच्या वाटा जितक्या वेळा ज्याच्या दारावरून जातात, तितका तो मधला. म्हणजे माझा पी.पी. नंबरवाला दुकानदार.

आमच्या ठिपक्यांचे दोन पुंजके पडले, किनाऱ्याचा आणि वाड्यांचा. कोळी कोळ्यांना उत्तर देतात, वाडीवाले वाडीवाल्यांना. मध्ये एक बारकासा ठिपका, क्रमांक २०९. महिन्याभरात सात व्हॉइस मेसेज, लिहिलेला एकही नाही. पुतणीने तो ठिपका पुसून दाखवला तर दोन्ही पुंजके जवळपास सुटे झाले.

दोनशे नऊ म्हणजे मावशी. पाटी डोक्यावर घेऊन कळंबहून निर्मळ, वाघोली, सोपाऱ्यापर्यंत फिरते. पावसाळ्यात सुके बोंबील, जवळा, सोडे. प्रत्येक वाडीच्या ओट्यावर बसते, पाणी पिते, विचारते, सांगते. आजच्या तिच्या मेसेजमध्ये वाढवणचं नावच नव्हतं. ती म्हणाली, "वाडीवाल्यांनो, आमचं पाणी गेलं तर तुमच्या ताटात काय पडेल ते बघा." संध्याकाळपर्यंत वाड्यांतल्या चौदाजणांनी, एरवी बंदराबद्दल चकार शब्द न काढणाऱ्यांनी, काही ना काही लिहिलं. बाजूने किंवा विरोधात, पण लिहिलं.

पुतणी खूश. तिला वाटतंय उत्तर सापडलं. मी गप्प राहिलो. मावशीच्या शब्दाने लोक बोलते झाले हे खरं, पण कोणाचं मत बदललं का, ते चित्रात दिसत नाही.

बुधवार, १७ जुलै, आषाढी एकादशी

हात अजून थरथरतोय, म्हणून अक्षर असं.

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, शाळांना सुट्टी, पोरं घरीदारी. सव्वाअकराला ग्रूपवर फोटो आला : झाडाखाली बसलेले दोन पुरुष, बाजूला दोन पिशव्या. खाली मजकूर, 'मुलं पळवणारी टोळी निर्मळपर्यंत आली आहे. दिसल्यास सोडू नका.' वर दोन बाण, म्हणजे पुष्कळ हातांतून फिरून आलेला. दहा मिनिटांत चाळीस मेसेज. एकाने लिहिलं, "आम्ही नाक्यावर निघालो."

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात नेमक्या याच अफवेने डवरी गोसावी समाजाची पाच माणसं ठेचून मारली गेली. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. तरी १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना जमावाने मारलं. तिथेही आधी काही दिवस चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत, अशी हवा होती. ती जागा माझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

मी ॲडमिन म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं : 'ही अफवा आहे. पुढे पाठवू नये.' कोणी वाचलं नाही. एकाने उलट विचारलं, "काका, तुम्ही पाहिलं का?" पाहिलं नव्हतं. मावशीने व्हॉइस मेसेज टाकला, "पोरं आत घ्या गं." म्हणजे मधला ठिपका अफवेलाही तितकाच उपयोगी. बातमी खरी की खोटी, पुलाला काय कळणार? पोलिसांना फोन लावला. ते निघाले म्हणाले.

मग ११ वाजून ३८ मिनिटांनी एक फोटो आला. काळी छत्री, उघडलेली, एका काडीला नवी तार. खाली दोन ओळी : 'हे छत्र्या दुरुस्त करणारे आहेत. काल माझ्या बायकोची छत्री केली, ३० रुपये घेतले. आता माझ्या रिक्षात बसलेत, स्टेशनला सोडतोय.'

हा रिक्षावाला ग्रूपात तीन वर्षं आहे. आजवर एकही मेसेज नाही. आमच्या तिन्ही मोजण्यांत त्याचा ठिपका कुठे कोपऱ्यात पडलेला. त्या छत्रीनंतर ग्रूप असा थांबला, जणू कोणी वायर उपटली. नाक्यावर निघालेले परत आले. पाऊण तासाने एकीने लिहिलं, "माझ्याकडे पण दोन छत्र्या मोडल्यात, त्यांना उद्या बोलवा."

रात्री पुतणीचा फोन. तिने एक सांगितलं ते टिपून ठेवतो. डंकन वॉट्स आणि पीटर डॉड्स यांनी २००७ मध्ये संगणकावर हजारो कृत्रिम समाज चालवून पाहिले. मोठी लाट उठते ती बहुतेक वेळा कोणा वजनदार माणसामुळे नाही, तर चटकन पटणारी माणसं पुरेशी असली की उठते. आज अफवा टाकणारा पहिला माणूस कोण, हे मी शोधलंच नाही. तो कोणीही असता तरी चाललं असतं. आम्ही सगळे तयारच होतो.

गुरुवार, २५ जुलै

सकाळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेल्याची बातमी आली. ग्रूपवर दिवसभर फुलं आणि जोडलेले हात. चौऱ्याऐंशीनेही कोणाशी वाद घातला नाही.

हरित वसई संरक्षण समितीच्या काळात फादर बोलायला उभे राहिले की वाड्यांमधून माणसं चालत यायची. हिंदू, ख्रिस्ती, कोळी, वाडवळ, कुपारी, सगळी. विहिरींचं पाणी टँकरने शहराकडे जात होतं, जमिनींवर डोळा होता, आणि समोर धाक असलेली माणसं होती. तेव्हा ना ग्रूप होता, ना फॉरवर्ड. 'सुवार्ता' मासिक होतं, सभा होत्या, आणि धमक्या येत असताना पुढे उभा राहणारा एक माणूस होता. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना नंतर मिळालं. आमच्या लेखी ते आधीच अध्यक्ष होते.

आज मोजणी केली नाही.

रविवार, २८ जुलै

पुतणीने नवीन कागद आणला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं काम, २०१९ साली छापलेलं. त्याच वर्षी बॅनर्जी-डुफ्लोंना नोबेल मिळालं, अर्थात दुसऱ्या कामासाठी. त्यांनी कर्नाटकातल्या २१३ गावांत एक साधी बातमी सोडली : या नंबरावर फुकट फोन करा, बक्षीस मिळेल. काही गावांत ती अशाच कोणालाही सांगितली. काही गावांत प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांना. आणि काही गावांत, गावकऱ्यांनाच आधी विचारलं होतं की बातमी पसरवायची तर कोणाला सांगावं, आणि त्यांनी नाव घेतलेल्यांना. सगळ्यांत जास्त फोन आले ते या तिसऱ्या प्रकारच्या गावांतून. ठिपके नाहीत, बाण नाहीत. गावाला विचारायचं, गावाला माहीत असतं.

मग आम्ही छत्र्या घेऊन निघालो. दोन दिवसांत ४१ घरं. प्रत्येक घरी चार प्रश्न. उधाणाची खबर गावभर पोचवायची तर कोणाला सांगू? मुलाला ताप भरला तर आधी कोणाला विचारता? सातबाऱ्याचं काम अडलं तर? ग्रूपवर काही भयंकर आलं तर खरं-खोटं कोणाला विचारता?

उधाणाला २६ घरांनी एकाच म्हाताऱ्या नाखव्याचं नाव घेतलं. त्याच्याकडे बटणांचा फोन आहे, ग्रूपात तो नाहीच. तापाला आशाताई, ३३ घरं. सातबाऱ्याला एक निवृत्त कारकून, जो ग्रूपवर फक्त श्रद्धांजली वाहतो. चौथ्या प्रश्नाला दोन आठवड्यांपूर्वी काय उत्तर आलं असतं कोण जाणे, आता १७ घरं म्हणाली, "तो रिक्षावाला." मावशीचं नाव चारही प्रश्नांना थोडं थोडं आलं, पहिलं कुठेच नाही. चौऱ्याऐंशीला दोन मतं. गुलाबाच्या फुलवाल्यांना चारही प्रश्नांना एकेक मत, तेही त्यांच्याच घरातून, आणि दार त्यांनी स्वतः उघडलं होतं. मला शून्य.

"तुम्ही ॲडमिन ना काका," एका वहिनीने समजूत घातली, "तुम्हाला कशाला विचारायचं? तुम्ही ग्रूपात घेता-काढता."

एक गोष्ट मात्र लख्ख दिसली. कोणाचंही नाव दोन प्रश्नांत पहिलं आलं नाही. नाखव्याला तापातलं कोणी विचारत नाही, आशाताईला उधाणातलं नाही. पुतणी म्हणाली, कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांना अमेरिकेत डिकेटर गावातल्या बायकांना विचारून हेच मिळालं होतं, पुस्तक १९५५ चं : बाजारहाटाला एकीचा सल्ला, कपड्यांच्या फॅशनला दुसरीचा, राजकारणाला तिसऱ्याच कोणाचा. म्हणजे आमचा प्रश्नच पहिल्या दिवसापासून अर्धा होता. 'गावात कुणाचं चालतं?' याच्यापुढे 'कशात?' हा शब्द हवा होता.

बुधवार, ३१ जुलै

संध्याकाळी एक तरुण आला. पांढरा सदरा, दोन फोन. विधानसभा जवळ येतेय. चहा झाला, पावसावर बोलणं झालं.

"काका, तुमच्या पुतणीने म्हणे अभ्यास केलाय. दहा नावं द्या ना. ज्यांचं गाव ऐकतं अशी. पुढचं आम्ही बघतो."

"कशात ऐकतं?"

"म्हणजे?"

"उधाणात, तापात, की सातबाऱ्यात?"

तो हसला. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. मग म्हणाला की तापवाली पण चालेल, बायकांची मतं तिच्याकडे असतील.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आशाताईचं ऐकतात, कारण तिने रात्री दोन वाजता पोरं दवाखान्यात नेली आहेत. उद्या तिच्या तोंडून कोणाचा प्रचार निघाला तर परवा तापातही कोणी तिचं ऐकणार नाही. वजन असं असतं की दुसऱ्या कामाला लावलं की झडतं. आणि यादी एकदा कागदावर आली की कोणी ना कोणी ते लावायला येणारच.

त्याला सांगितलं, नावं नाहीत, आकडेच आहेत. ते खरंही होतं. कोणता आकडा कोणाचा, ते एक पान माझ्या वहीत होतं. तो गेल्यावर पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काका, मला त्या पानाची गरज नाही. प्रकल्पात आकडे पुरतात." ते पान फाडून बंबात टाकलं. अंघोळीचं पाणी एरवीइतकंच तापलं.

गुरुवार, १ ऑगस्ट

बंदी काल मध्यरात्री संपली. ग्रूपवर गुलाबवाल्यांनी पहाटे पाचला लिहिलं, 'दर्याराजा खुला झाला! सर्व बांधवांना शुभेच्छा!' खाली बासष्ट अंगठे.

सहा वाजता किनाऱ्यावर गेलो. पाणी काळपट, लाटा अजून पावसाळी. नारळी पौर्णिमा १९ तारखेला. म्हातारा नाखवा वाळूत बसून जाळ्याची दोरी ओवत होता. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. फक्त त्याच्या होडीवरची ताडपत्री अजून तशीच बांधलेली होती.

बाकीच्या एकाही होडीची ताडपत्री सुटली नव्हती.